ध्वनिमुद्रिका, वय आणि उशिरा झालेली भेट : ‘यू-टू’च्या मुंबईतील कार्यक्रमाची समीक्षा

बीजसंज्ञा : रॉक संगीत, ध्वनिमुद्रण, प्रत्यक्ष प्रयोग, स्मरणरंजन, श्रोता

प्रस्तावना

रॉक संगीत हे मूलतः तरुणांचे संगीत मानले गेले. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात अमेरिकेत त्याचा उदय झाला आणि त्यानंतरच्या दशकात ब्रिटिश बँडनी ते जगभर नेले. तारुण्य, बंडखोरी आणि वर्तमान क्षणाची उत्कटता ही त्याची लक्षणे सांगितली गेली. या संगीताचे अनेक प्रमुख कलावंत आज साठी-सत्तरी ओलांडून गेले आहेत आणि तरीही त्यांच्या कार्यक्रमांना क्रीडांगणे भरत आहेत. समोरचा श्रोताही त्यांच्याबरोबर प्रौढ झालेला असतो. तीस-चाळीस वर्षे ज्या बँडची गाणी केवळ ध्वनिमुद्रणातून ऐकली तो बँड अखेर प्रत्यक्ष समोर उभा राहतो, तेव्हा नेमके काय घडते? त्या अनुभवाला कलानुभव म्हणावे, की गतकाळाविषयीच्या हळवेपणाची ती केवळ एक महागडी पूर्तता असते? हा प्रश्न संगीतसमीक्षेने गंभीरपणे हाताळण्याजोगा आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका विशिष्ट कार्यक्रमाच्या आधारे केला आहे. १५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईतील डी. वाय. पाटील क्रीडांगणावर ‘यू-टू’ या आयरिश बँडचा भारतातील पहिला कार्यक्रम झाला. हा बँड १९७६ साली डब्लिनमध्ये स्थापन झाला. म्हणजे भारतीय श्रोत्यांसमोर येण्यास त्याला ४३ वर्षे लागली. बोनो, एज, अ‍ॅडम क्लेटन आणि लॅरी मलन हे चौघेही त्या रात्री मंचावर होते. १९८७ साली प्रसिद्ध झालेली ‘द जोशुआ ट्री’ ही ध्वनिमुद्रिका पहिल्या गाण्यापासून अखेरच्या गाण्यापर्यंत मूळ क्रमाने सादर करणे हा कार्यक्रमाचा गाभा होता. जुनी ध्वनिमुद्रिका, तीच माणसे आणि मध्ये लोटलेली ३२ वर्षे असा हा दुर्मीळ योग असल्याने वरील प्रश्न येथे अगदी स्वच्छ स्वरूपात समोर येतो.

१. उशिरा आलेला श्रोता

पाश्चात्त्य देशांतील श्रोता आणि भारतीय श्रोता यांच्या स्थितीत एक मूलभूत भेद आहे. लंडन किंवा डब्लिन येथील प्रौढ रसिकाने आपला आवडता बँड बहुधा त्याच्या ऐन उमेदीच्या काळातही पाहिलेला असतो. पुढे तो त्या बँडला वृद्धपणी पाहतो तेव्हा एका प्रत्यक्ष अनुभवाची तुलना दुसऱ्या प्रत्यक्ष अनुभवाशी करतो. मुंबई-पुण्यातील त्याच्या समवयस्क रसिकाला ही सोय नव्हती. त्याच्यापाशी कॅसेट होती, क्वचित मित्राच्या घरची तबकडी होती आणि १९९१ नंतर उपग्रह वाहिन्यांवरील चित्रफिती होत्या. काळा घोडा येथील ऱ्हिदम हाऊससारखे दुकान, महाविद्यालयीन मित्रमंडळ आणि एकमेकांसाठी भरून घेतलेल्या कॅसेट हे या संगीताच्या प्रसाराचे खरे मार्ग होते. ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद झाले.

अपवाद होते, परंतु ते थोडे होते. १९८० साली ‘द पोलीस’ हा ब्रिटिश बँड आपल्या उमेदीच्या काळातच मुंबईतील रंगभवनात येऊन गेला. १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ या महोत्सवाने भारतीय बँडना व्यासपीठ दिले. परदेशातील मोठे बँड मात्र बहुधा उशिरा आले. ‘रोलिंग स्टोन्स’ने २००३ च्या एप्रिल महिन्यात बंगळूर व मुंबई येथे कार्यक्रम केले, तेव्हा त्या बँडच्या स्थापनेला ४० वर्षे होऊन गेली होती आणि गायक मिक जॅगर ५९ वर्षांचा होता. ‘पिंक फ्लॉइड’ हा बँड म्हणून भारतात आलाच नाही. १९८५ साली त्यातून बाहेर पडलेला रॉजर वॉटर्स २००७ साली मुंबईत आला आणि १९७३ ची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही ध्वनिमुद्रिका त्याने आपल्या साथीदारांसह संपूर्ण सादर केली. ‘गन्स अँड रोझेस’ २०१२ साली आला तो मूळचा गिटारवादक स्लॅश याच्याविना. स्लॅशसह तो बँड मुंबईकरांना दिसला २०२५ च्या मे महिन्यात.

या उशिराचा एक परिणाम समीक्षेने लक्षात घ्यायला हवा. भारतीय श्रोत्याच्या स्मरणात या कलावंतांचे तरुण रूप प्रत्यक्ष भेटीतून आलेले नाही. त्याला सुरांचा प्रत्येक तपशील पाठ असतो, गिटारचा कोणता स्वर कोठे येणार हे ठाऊक असते. परंतु ज्या माणसाने तो स्वर निर्माण केला त्याच्याशी त्याची एकदाही गाठ पडलेली नसते. म्हणून अशा कार्यक्रमाला सरसकट ‘स्मरणरंजन’ म्हणणे अचूक ठरत नाही. जे पूर्वी पाहिलेलेच नाही, त्याचे स्मरण कसे होणार? स्मरण होते ते ऐकण्याचे : वसतिगृहातील खोलीचे, परीक्षेच्या दिवसांतल्या रात्रीचे, रीळ गुंतलेल्या कॅसेटचे. त्या रात्री क्रीडांगणावर एका बाजूला बँडचे वर्तमान होते आणि दुसऱ्या बाजूला श्रोत्याचा भूतकाळ. या दोहोंची ती पहिलीच भेट होती.

२. मूळ कलाकृती कोणती?

वॉल्टर बेंजामिन याने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात असे प्रतिपादन केले होते की, यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे एकमेवत्व आणि त्याभोवतीचे तेजोवलय क्षीण होते. रॉक संगीताच्या बाबतीत हा विचार थोडा फिरवून पाहावा लागतो. थिओडोर ग्रेसिक या अभ्यासकाने १९९६ साली असे मांडले की, रॉकमध्ये मूळ कलाकृती म्हणजे ध्वनिमुद्रणच होय. स्टुडिओत थरावर थर चढवून, यंत्रांच्या साहाय्याने घडविलेला ध्वनी हाच तेथे प्रमाणभूत असतो. फिलिप ऑस्लँडर याने १९९९ मध्ये आणखी एक मुद्दा पुढे आणला : ‘प्रत्यक्ष’ ही संकल्पनाच ध्वनिमुद्रणाच्या शोधानंतर अर्थपूर्ण झाली, त्यापूर्वी सर्वच संगीत प्रत्यक्ष असल्याने तसा शब्द वापरण्याचे कारण नव्हते.

‘द जोशुआ ट्री’ हे या विवेचनाचे उत्तम उदाहरण आहे. ब्रायन ईनो आणि डॅनियल लॅन्वा या निर्मात्यांनी बँडसह घडविलेल्या या ध्वनिमुद्रिकेचे वैशिष्ट्य तिच्यातील अवकाशाच्या जाणिवेत आहे. एजच्या गिटारचा एक स्वर यंत्राद्वारे किंचित विलंबाने पुन्हा उमटतो आणि मूळ स्वर व त्याचा प्रतिध्वनी यांच्या गुंफणीतून लय सिद्ध होते. म्हणजे येथे यंत्र हे वाद्याचाच भाग आहे. ज्या श्रोत्याने ही ध्वनिमुद्रिका शेकडो वेळा ऐकली, त्याच्या दृष्टीने मूळ कृती त्याच्या कानात आधीच पूर्ण झालेली असते. मग प्रत्यक्ष कार्यक्रम तिच्यात कशाची भर घालतो?

३. ख्यालगायकीशी तुलना

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मराठी रसिकाच्या परिचयाची एक परंपरा उपयोगी पडते. हिंदुस्थानी ख्यालगायकीत प्रमाणभूत ध्वनिमुद्रण अशी कल्पना नाही. बंदिश एकच असली तरी प्रत्येक मैफलीत राग नव्याने घडतो. त्यामुळे गायकाचे वय तेथे केवळ हानी म्हणून मोजले जात नाही. आवाजाची धार कमी झाली तरी रागविचार सखोल झाला, असे म्हणण्याची मुभा रसिकाला असते. पं. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या उत्तरवयातील गायनाचा गौरव याच भूमिकेतून झाला. पं. भीमसेन जोशी प्रकृतिअस्वास्थ्यातून २००७ साली सवाई गंधर्व महोत्सवात पुन्हा गायला बसले, तेव्हा ८५ वर्षांच्या त्या गायकाकडून कोणी तरुणपणीच्या तानेची बरोबरी मागितली नाही.

मराठी रंगभूमीवरील बालगंधर्वांचे (१८८८-१९६७) उदाहरण याहून वेगळे आणि रॉकच्या अधिक जवळचे आहे. उत्तरकाळात वय साथ देत नसतानाही ते स्त्रीभूमिका करीत राहिले आणि प्रेक्षक येत राहिले. नाट्यपदे निश्चित होती, भूमिका निश्चित होत्या आणि देह मात्र बदलला होता. प्रेक्षक समोरच्या वृद्ध नटाच्या जागी आपल्या मनातील तरुण नटाला पाहत असत, असे या संदर्भात नेहमी म्हटले जाते. तथापि तेथेही प्रेक्षकांपैकी पुष्कळांनी तरुण बालगंधर्व प्रत्यक्ष पाहिलेले होते. यू-टूच्या मुंबईतील श्रोत्याला हा आधार नव्हता.

म्हणून रॉकची अडचण अशी मांडता येते : येथे मूळ कृती ख्यालाप्रमाणे प्रवाही नसून स्थिर आहे, आणि कलावंताचा देह मात्र सर्वांच्या देहाप्रमाणे बदलणारा आहे. २६ व्या वर्षी मुद्रित केलेले गाणे ५९ व्या वर्षी गाणाऱ्या बोनोची तुलना प्रत्येक क्षणी स्वतःच्याच तरुण आवाजाशी होत राहते. या तुलनेतून त्याची सुटका नाही. परंतु अशा कार्यक्रमाचा खरा आशयही याच तुलनेत दडलेला आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

४. ‘द जोशुआ ट्री’चा प्रयोग

कार्यक्रमाची रचना विचारपूर्वक केलेली होती. प्रारंभी चौघेही प्रेक्षकांत पुढे आलेल्या छोट्या मंचावर उभे राहिले आणि १९८७ पूर्वीची काही गाणी त्यांनी मोठ्या पडद्याच्या साहाय्याविना सादर केली. या भागात बँडचे मूळ स्वरूप, म्हणजे एक गिटार, एक बेस, ढोल आणि गळा एवढीच सामग्री, स्पष्टपणे ऐकू येते. त्यानंतर चौघे मुख्य मंचाकडे गेले आणि मागील पडदा लाल प्रकाशाने उजळला. सुमारे २०० फूट रुंद व ४५ फूट उंच अशा त्या पडद्यावर जोशुआ वृक्षाची आकृती होती. ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’ या गाण्याचा प्रारंभ ऑर्गनच्या दीर्घ स्वरांनी होतो. त्यातून गिटारची आवर्तने सहाच्या चलनात वर येतात आणि मग चारच्या ठेक्यात मिसळून जातात. श्रोत्याला या प्रारंभातला प्रत्येक क्षण ठाऊक असतो आणि तरीही तो थरारून उठतो. हा थरार नावीन्याचा नसतो. जे आजवर एकांतात ऐकले, ते आता हजारोंच्या समूहात, त्याच माणसांच्या हातून घडत आहे, या जाणिवेचा तो थरार असतो.

येथे एक सूक्ष्म भेद नोंदविणे आवश्यक आहे. एजचे गिटार वयस्क होत नाही. प्रतिध्वनीचे यंत्र १९८७ मध्ये जे करीत होते तेच २०१९ मध्येही करते. किंबहुना पूर्वमुद्रित ध्वनींच्या आधारामुळे प्रत्यक्ष वादन मूळ ध्वनिमुद्रणाच्या अधिकच जवळ जाते. वय प्रकट होते ते गळ्यात. उंच स्वर जेथे पूर्वी सहज लागत होता तेथे आता गायक तो वळवून घेतो, कधी आखूड करतो, कधी श्रोत्यांवर सोपवितो. सर्वपरिचित गाण्यांत समूह स्वतःच गाऊ लागतो आणि गायक ऐकत उभा राहतो. ही सोय आहे, हे मान्य करावे. तथापि तिच्यातून एक अर्थही निष्पन्न होतो : गायकाच्या आवाजात जे उरले नाही, ते श्रोत्यांच्या स्मरणात सुरक्षित राहिले आहे, आणि त्या क्षणी ते त्याला परत केले जात आहे. न बदलणारे वाद्य आणि बदललेला गळा एकाच गाण्यात शेजारी शेजारी ऐकू येतात, तेव्हा मध्ये लोटलेली ३२ वर्षे जणू श्रवणगोचर होतात. ध्वनिमुद्रणात हे कधीही ऐकू येणार नाही.

दुसरा महत्त्वाचा विशेष क्रमाचा आहे. एरवी अशा कार्यक्रमांत सर्वांत लोकप्रिय गाणी अखेरीस राखून ठेवली जातात. या ध्वनिमुद्रिकेतील तीन सर्वाधिक गाजलेली गाणी मात्र प्रारंभीच येतात. संपूर्ण ध्वनिमुद्रिका क्रमाने सादर करायची तर उत्कर्षबिंदू आधी गाठून पुढे काळोख्या, अंतर्मुख प्रदेशात उतरावे लागते. ‘बुलेट द ब्लू स्काय’मध्ये मध्य अमेरिकेतील अमेरिकी हस्तक्षेपाविषयीचा संताप आहे, ‘रेड हिल मायनिंग टाउन’ला ब्रिटनमधील १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपाची पार्श्वभूमी आहे, ‘वन ट्री हिल’ हे अपघातात मरण पावलेल्या ग्रेग कॅरल या सहकाऱ्याच्या स्मरणार्थ रचलेले आहे आणि अखेरचे गाणे सत्ताधाऱ्यांनी नाहीशा केलेल्या मुलांच्या मातांविषयी आहे. कॅसेटच्या श्रोत्याला हा उत्तरार्ध बहुतांशी ‘दुसरी बाजू’ म्हणून परिचित आहे. पहिली बाजू सर्वांनी ऐकली. दुसरी बाजू कॅसेट उलटून घेणाऱ्यांनी ऐकली. लोकप्रियतेच्या निकषावर गाणी निवडली असती, तर ही बाजू क्रीडांगणावर आलीच नसती. ‘रेड हिल मायनिंग टाउन’ हे गाणे तर २०१७ पर्यंत, म्हणजे ३० वर्षे, बँडने एकदाही जाहीरपणे सादर केले नव्हते. त्या गाण्यापुरता मुंबईचा श्रोता फारसा उशिरा आलेला नव्हता. जगातील अन्य श्रोत्यांनाही ते प्रत्यक्ष ऐकायला तितकीच वाट पाहावी लागली होती.

या ठिकाणी रोलिंग स्टोन्सच्या २००३ मधील कार्यक्रमाशी तुलना उद्बोधक ठरते. स्टोन्सची पद्धती निवडक लोकप्रिय गाण्यांची आहे. तेथे वयाला प्रत्युत्तर दिले जाते ते देहाच्या चपळाईने. आपण बदललो नाही, असा गायकाचा दावा असतो आणि श्रोता त्या दाव्याला दाद देतो. यू-टूने आपले जुने काम एक पूर्ण कृती म्हणून समोर ठेवले आणि तिच्यासमोर स्वतःला उभे केले. पहिल्या पद्धतीत काळावर मात केल्याचा आनंद आहे, तर दुसऱ्या पद्धतीत काळाची नोंद आहे. समीक्षेच्या दृष्टीने दुसरी पद्धती अधिक धोक्याची असली तरी अधिक फलदायी आहे.

५. मर्यादा

या कार्यक्रमाच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करता येणार नाही. पहिली मर्यादा पडद्याची. छायाचित्रकार अँटन कॉर्बिन याने तयार केलेली वाळवंटाची दृश्ये भव्य आहेत; पण त्यांच्या भव्यतेपुढे चार माणसे बाहुल्यांएवढी दिसतात. ज्या प्रत्यक्ष उपस्थितीसाठी श्रोता इतकी वर्षे थांबला, ती उपस्थितीच प्रतिमेच्या आड जाते आणि मागील रांगांतील श्रोत्याला पुन्हा एकदा चित्रफीतच पाहावी लागते.

दुसरी मर्यादा स्थानिक संदर्भांच्या योजनेत दिसते. ए. आर. रहमान आणि त्यांच्या कन्यांच्या सहभागाने ‘अहिंसा’ हे गीत सादर झाले. तिरुक्कुरळमधील वचनांचा वापर असलेले हे गीत कार्यक्रमापूर्वी काही आठवडेच प्रसिद्ध झाले होते. यजमान देशाविषयीचा आदर म्हणून त्याचे मूल्य आहे. परंतु त्या गीताभोवती श्रोत्याच्या आयुष्याचा कोणताही काळ साचलेला नव्हता; म्हणून ते सौजन्याच्या पातळीवर राहिले आणि कार्यक्रमाच्या मुख्य आशयाशी एकजीव झाले नाही.

तिसरी मर्यादा सामाजिक स्वरूपाची आहे. पंचवीस-पन्नास रुपयांच्या किंवा मित्राकडून भरून घेतलेल्या कॅसेटने ज्यांना हे संगीत दिले, त्या सर्वांना हजारो रुपयांचे तिकीट परवडतेच असे नाही. इंग्रजी संगीताचा रसिक म्हणजे सुखवस्तू महानगरी रसिक, हे समीकरण कॅसेटच्या काळात जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांतील तरुणांनी काही अंशी मोडले होते. क्रीडांगणाच्या प्रवेशद्वारापाशी ते पुन्हा प्रस्थापित होते. खाणकामगारांच्या संपाविषयीचे गाणे अशा श्रोतृवर्गासमोर गायले जाते, हा विरोध बँडच्या हेतूंविषयी शंका न घेताही नोंदविला पाहिजे.

६. पुढील घटनांचा प्रकाश

नंतरच्या काळातील दोन घटनांमुळे या कार्यक्रमाचे महत्त्व अधिक स्पष्ट झाले. मार्च २०२३ मध्ये यू-टूने ‘साँग्ज ऑफ सरेंडर’ या नावाने आपली ४० जुनी गाणी नव्याने मुद्रित करून प्रसिद्ध केली. त्यांत ‘द जोशुआ ट्री’मधील गाणीही आहेत. वाद्यमेळ मर्यादित ठेवून, प्रौढ गळ्याला मानवेल अशा धिम्या रीतीने ती गायिली आहेत. म्हणजे स्थिर मानलेल्या मूळ कृतीला बँडने स्वतःच प्रवाही करून पाहिले. हा प्रयत्न ख्यालाच्या वृत्तीकडे झुकणारा आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून लास व्हेगास येथे सुरू झालेल्या कार्यक्रममालिकेत लॅरी मलन शस्त्रक्रियेमुळे सहभागी होऊ शकला नाही आणि त्याच्या जागी ब्रॅम व्हान डेन बर्ग याने ढोलवादन केले. २०१९ मधील त्या दौऱ्याचा अखेरचा कार्यक्रम मुंबईचा होता. चौघेही एकत्र, आपली संपूर्ण ध्वनिमुद्रिका घेऊन उभे आहेत, हा योग किती नाजूक असतो हे यावरून ध्यानात येते.

निष्कर्ष

१. दीर्घकाळानंतर प्रत्यक्ष पाहिलेल्या जुन्या रॉक बँडच्या कार्यक्रमाचे मूल्यमापन केवळ ध्वनिमुद्रणाशी असलेल्या साम्यावरून करणे अपुरे आहे. ध्वनिमुद्रण आणि वर्तमान देह यांमधील अंतर हाच त्या अनुभवाचा आशय होय.

२. भारतीय श्रोत्याच्या संदर्भात ‘स्मरणरंजन’ ही संज्ञा जपून वापरली पाहिजे. त्याच्या दृष्टीने अशी भेट पुनर्भेट नसते, तर बहुधा पहिलीच आणि पुष्कळदा अखेरची असते.

३. संपूर्ण ध्वनिमुद्रिकेच्या सादरीकरणामुळे लोकप्रियतेने मागे टाकलेला उत्तरार्ध श्रोत्यांसमोर येतो. हे या प्रकाराचे विशेष योगदान आहे.

४. भव्य पडदा, प्रासंगिक स्थानिक योजना आणि तिकिटांचे दर हे घटक या अनुभवाच्या मुळावर येऊ शकतात. त्यांची समीक्षा संगीताच्या समीक्षेपासून वेगळी काढता येत नाही.

वयाने पोक्त झालेल्या कलावंताला त्याच्या तरुणपणाच्या मापाने मोजण्याची सवय ध्वनिमुद्रणाने रसिकाला लावली. तीस वर्षे मनात एकच आवाज जपलेल्या श्रोत्याला समोरचा बदललेला आवाज स्वीकारता येतो तेव्हा त्या दोघांमधील नाते परिपक्व होते, आणि आपल्याही आयुष्याची तीस वर्षे गेली आहेत हे त्याला कोणत्याही कटुतेविना मान्य करता येते.